इचलकरंजीची मीरा

‘मीरा’ ही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या कल्पनेने घडवलेली छोटी मोटार. तिचा पहिला नमुना १९४९ साली तयार झाला. पुढे सुमारे पंचवीस वर्षे शंकरराव तिच्यात सुधारणा करत राहिले. दोन माणसांच्या छोट्या गाडीपासून निघालेली मीरा १९७० च्या दशकात कुटुंबाला पुरेल एवढी झाली. शंकररावांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नव्हते, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते.

हे काम इचलकरंजीत झाले यात नवल नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव यंत्रांच्या खडखडाटाला सरावले. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवून १९१८ च्या सुमारास पुरा केला. बाहेरचे यंत्र उघडून पाहायचे, त्याचे मर्म ओळखायचे आणि लेथवर आपले यंत्र उभे करायचे, ही या भागातल्या मेस्त्रींची रीत होती. मीरा त्याच रीतीतून जन्मली.

मीराची सगळ्यांत लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे तिची रबरी स्प्रिंग. त्या काळच्या मोटारींना बहुधा पोलादी पाट्यांचे जड कमान-पाटे असत. मोठ्या गाडीत चार माणसे बसली तरी एकूण वजनात फारसा फरक पडत नाही. छोट्या, हलक्या गाडीत मात्र त्याच चार माणसांनी वजन जवळजवळ निम्म्याने वाढते. पाटे मऊ ठेवले तर भरलेली गाडी खाली टेकते आणि कडक ठेवले तर रिकामी गाडी उडते. रबर जितके दाबावे तितके अधिक घट्ट होत जाते. म्हणून गाडी रिकामी असो वा भरलेली, ते दोन्ही वेळी साथ देते; शिवाय ते वजनाला हलके असते. याच विचाराने ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या ‘मिनी’त अ‍ॅलेक्स मॉल्टन यांचे रबरी शंकू बसवले गेले. मिनीचे जनक अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी त्याआधी, १९३० च्या दशकात, मित्राच्या मदतीने स्वतःच्या हातांनी एक हलकी शर्यतीची गाडी बांधली होती. तिच्यातही रबरच होते.

इसिगोनिस यांची ती गाडी क्लबांच्या डोंगरचढणीच्या शर्यतींत धावली. ब्रिटनमध्ये घरी गाडी बांधणाऱ्यांना अशी जागा होती. १९२२ साली निघालेली ऑस्टिन सेव्हन पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. हौशी लोक तिचा सांगाडा घेत आणि त्यावर स्वतः बनवलेली बॉडी चढवत. अशा लोकांसाठी १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ स्थापन झाला. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये एका गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच पहिली लोटस बांधली. तिच्यातून पुढे जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला. महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांवर शर्यती भरत. सिल्व्हरस्टोन त्यांपैकीच एक. तिथे घरगुती गाडीची परीक्षा होई, चुका चारचौघांत दिसत आणि त्या दुरुस्त करण्याचे शिक्षणही तिथेच मिळे.

भारतातही मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत असत. पण इचलकरंजीच्या कारागिराला त्या वाटेने भांडवल मिळणे शक्य नव्हते. एखाद-दुसरी गाडी बांधून रस्त्यावर आणता येई. ती कारखान्यात काढायची तर १९५१ च्या उद्योग कायद्याप्रमाणे परवाना लागे. मोटारी बनवण्याची मुभा मोजक्याच कंपन्यांना होती आणि गिऱ्हाइकाला फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्वस्त छोट्या मोटारीचा विचार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी समित्यांमध्ये फिरत राहिला. याच काळात मीराचे नमुने एकामागून एक तयार होत होते. शेवटच्या नमुन्यात दोन सिलिंडरांचे, सुमारे १४ अश्वशक्तीचे व्ही आकाराचे इंजिन होते. किंमत १२,००० रुपयांच्या आसपास ठेवण्याचा शंकररावांचा मानस होता. मीराचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. गाडी चालत होती, रस्त्यावर दिसत होती. अडले ते परवान्याशी आणि पैशाशी. देशाने स्वतःच्या कारागिराला दिलेली ही वागणूक अन्यायाची होती, असेच म्हणावे लागते.

छोटी मोटार शेवटी आली ती जपानी सुझुकीच्या साह्याने. पहिली मारुती ८०० गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. मोटार बनवण्यावरचे परवान्याचे बंधन १९९३ मध्ये उठले. त्यानंतर नऊ वर्षांनी, २००२ मध्ये, महिंद्रच्या भारतीय अभियंत्यांनी घडवलेली स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. मीराचा पहिला नमुना तयार झाल्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती.