श्रद्धाशिक्षण आणि डिजिटल तंत्रज्ञान : साधन कोणते, साध्य कोणते?

आज मुलांच्या हाती पुस्तकाआधी मोबाइल येतो, हे आपण घरोघरी पाहतो. शाळेचा गृहपाठ, परदेशी असलेल्या वडिलांशी बोलणे, खेळ आणि गाणी हे सारे त्याच एका पडद्यावर घडते. मग रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाने त्या पडद्याकडे पाठ फिरवावी काय? की वर्गच त्या पडद्यावर न्यावा? प्रथम कम्युनियन आणि दृढीकरण संस्काराची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक धर्मशिक्षकासमोर हा प्रश्न उभा आहे. मराठी ख्रिस्ती समाजाचा पूर्वानुभव, ख्रिस्तसभेची शिकवण आणि प्रत्यक्ष वर्गातील अडचणी या तीन अंगांनी आम्ही येथे त्याचा विचार करीत आहोत.

मुद्रणकलेचा धडा

नवे तंत्रज्ञान आणि धर्मशिक्षण यांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, तो येशूसंघीय धर्मगुरूंच्या कार्यासाठी. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच भाषेत तारणाची कथा कळावी म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. ग्रंथ मराठी, परंतु देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला.

या घटनेत आमच्यासाठी दोन बोध आहेत. पहिला असा की, फादर स्टीफन्स यंत्र परिपूर्ण होण्याची वाट पाहत बसले नाहीत. दुसरा असा की, त्यांनी आधी लोकांची भाषा आणि ओवीचा छंद आत्मसात केला आणि मग छापखान्याचा आधार घेतला. आज हा क्रम आपल्याकडे उलटा होताना दिसतो. प्रोजेक्टर आधी विकत घेतला जातो आणि त्यावर काय दाखवायचे, याचा विचार नंतर होतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्तसभा तंत्रज्ञानाला घाबरते, असा एक गैरसमज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कमाध्यमांविषयीचा ‘इंटर मिरिफिका’ हा हुकूमनामा संमत केला. १९९५ च्या नाताळात पोप दुसरे जॉन पॉल यांचा संदेश इंटरनेटवर झळकला आणि व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले. २२ नोव्हेंबर २००१ रोजी त्यांनी ओशेनियातील ख्रिस्तसभेसाठीचे आपले प्रेषितीय पत्र ई-मेलद्वारे रवाना केले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १२ डिसेंबर २०१२ रोजी ट्विटरवर पहिला संदेश दिला.

या स्वागताबरोबर एक मर्यादाही स्पष्ट केलेली आहे. २२ फेब्रुवारी २००२ रोजी व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. इंटरनेट माणसाला श्रद्धेच्या उंबरठ्यापर्यंत आणू शकते, परंतु इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हा त्याचा आशय आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या श्रद्धाशिक्षण मार्गदर्शिकेत डिजिटल संस्कृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. डिजिटल जग ही मुलांची राहण्याची, विचार करण्याची आणि नाती जोडण्याची जागा झाली आहे, हे त्या मार्गदर्शिकेने मान्य केले. २८ मे २०२३ च्या ‘पूर्ण उपस्थितीच्या दिशेने’ या दस्तऐवजाने दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याच्या आधारे विचारले की, या महामार्गावर आपण एकमेकांचे शेजारी कसे व्हावे.

याचे बोलके उदाहरण म्हणजे संत कार्लो आकुतिस. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला आणि मिलान शहरात वाढलेला हा मुलगा २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तला. त्याने जगभरातील ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून त्यांचे संकेतस्थळ तयार केले. तो आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षणासाठीही मदत करीत असे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. मुलांना कार्लोची गोष्ट सांगताना आपण त्याच्या संगणकाविषयी भरभरून बोलतो. तो दररोज मिस्साबलिदानास जात असे, ही गोष्टही तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे. त्याचा संगणक लोकांना वेदीकडे घेऊन जात होता.

टाळेबंदीने काय शिकविले?

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि चर्चची दारे बंद झाली. मिस्सा यूट्यूबवर आली आणि धर्मशिक्षण व्हॉट्सअ‍ॅपवर. अनेक धर्मशिक्षकांनी रात्री जागून ही नवी साधने शिकून घेतली. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. अनेक घरांत आईवडील प्रथमच मुलांशेजारी बसून पाठ ऐकू लागले, हा त्या काळाचा मोठा लाभ होय.

परंतु ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मूल वर्गाला मुकले. पाड्यावरील आणि दुर्गम वस्तीतील मुलांची गत याहून बिकट होती. हजेरीपटावर त्यांची नावे होती, पण पडद्यावर त्यांचे चेहरे नव्हते. वर्ग सुरळीत चालला, असे आपण अहवालात लिहिले. तो कोणासाठी चालला, हा प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून गेला. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची कथा शिकविणाऱ्या वर्गाला हे शोभणारे नाही.

याच काळात दररोज आपली सकाळची मिस्सा प्रक्षेपित करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२० रोजीच्या प्रवचनात इशारा दिला की, समाजाविना, संस्कारांविना केवळ पडद्यावरची ख्रिस्तसभा ही खरी ख्रिस्तसभा नव्हे. ही संकटकाळातील वाट आहे, तिला कायमचा मुक्काम करू नये, असा त्यांचा रोख होता.

मराठी साहित्याची अडचण

मराठी धर्मशिक्षकांपुढे आणखी एक अडचण आहे. वर्षानुवर्षे परिश्रमाने तयार झालेले मराठी पाठ, प्रार्थना आणि गीते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर ती फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. त्यातील मराठी शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला मजकूर वाचून दाखविणारी प्रणालीही तेथे निरुपयोगी ठरते.

युनिकोड पद्धतीत १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे स्थान आहे आणि आजचे बहुतेक सर्व मोबाइल ते ओळखतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. त्यामुळे बदललेला प्रत्येक पाठ जाणत्या माणसाने वाचून तपासणे अगत्याचे आहे. चारशे वर्षांपूर्वी खिळ्यांअभावी मराठीला परकी लिपी घ्यावी लागली. आज लिपी हाताशी असताना आपले साहित्य केवळ आळसापोटी बंद फाइलींत पडून राहणे योग्य नाही. निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन युवक यांनी एकत्र बसून करावे असे हे कार्य आहे.

बालकांची सुरक्षितता

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानलेली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. कायद्याची सक्ती होण्याची वाट न पाहता आपण आपल्या सवयी तपासाव्यात. मुलांची नावे, जन्मतारखा व दूरध्वनी क्रमांक असलेली यादी मोठ्या गटावर टाकू नये. प्रथम कम्युनियनची छायाचित्रे पालकांना विचारल्याविना प्रसिद्ध करू नयेत. ऑनलाइन वर्गात दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि कोणत्याही धर्मशिक्षकाने मुलाशी एकांतात संदेशांची देवाणघेवाण करू नये.

कृत्रिम बुद्धिमत्ता

आता मुले श्रद्धेविषयीचे प्रश्नही यंत्राला विचारू लागली आहेत. यंत्राचे उत्तर आत्मविश्वासपूर्ण असते, पण ते अचूक असेलच असे नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने धर्मगुरूच्या वेशातील एक बोलके यंत्रपात्र सुरू केले. ते स्वतःला खरा धर्मगुरू म्हणवून पापनिवेदनही ऐकू लागल्याचे वृत्त आले आणि काही दिवसांतच त्या पात्राचा धर्मगुरूचा वेश उतरविण्यात आला. २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘अँटिक्वा एत नोवा’ या व्हॅटिकनच्या टिपणाने शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील नात्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही, हे सांगितले आहे. पाठाचा आराखडा करण्यास किंवा भाषांतरात यंत्राची मदत घेण्यास हरकत नाही. शिकवणुकीचा मजकूर मात्र १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाशी ताडून पाहिल्याविना मुलांच्या हाती देऊ नये.

पहिली पावले

धर्मग्रामांनी कोठून आरंभ करावा? आमच्या मते पुढील गोष्टी अल्प खर्चात साध्य होण्यासारख्या आहेत.

१. वर्षारंभी प्रत्येक मुलाच्या घरी कोणते साधन आहे, याची शांतपणे माहिती घ्यावी. कोणाला कमीपणा वाटेल, अशा रीतीने भर वर्गात विचारू नये.

२. लांबलचक चित्रफितींऐवजी पाच मिनिटांची ध्वनिफीत पाठवावी. ती कमी डेटात उतरते आणि आजीलाही ऐकता येते.

३. जे पडद्यावर दिले, ते कागदावरही द्यावे. साधन नसलेल्या मुलाच्या घरी धर्मशिक्षकाने स्वतः जावे.

४. वर्गाचा वेळ पडदा पाहण्यात घालवू नये. माहिती घरी द्यावी, तर वर्गात प्रार्थना, प्रश्नोत्तरे आणि सेवाकार्य व्हावे.

५. धर्मशिक्षकांच्या वार्षिक शिबिरात मराठी टंकलेखन आणि माहितीची सुरक्षितता यांचा समावेश करावा.

अम्माउसच्या वाटेवर प्रभू येशू दोघा निराश शिष्यांबरोबर चालत गेला, त्यांचे म्हणणे त्याने ऐकून घेतले, शास्त्रलेख उलगडून सांगितले आणि शेवटी भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटली. शास्त्र उलगडून सांगण्याच्या कामी डिजिटल साधन आपल्याला पुष्कळ साहाय्य करील. बरोबर चालणे आणि भाकर मोडणे मात्र माणसानेच करावयाचे आहे. आपल्या धर्मग्रामाने कोणते साधन स्वीकारले, यापेक्षा त्या साधनामुळे सर्वात दूर राहिलेले मूल जवळ आले काय, याचा शोध प्रत्येक धर्मशिक्षकाने वर्षअखेरीस हजेरीपट समोर ठेवून घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.