अहवालातला मुसलमान

बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिक्षण आयोगांची यादी असते. हंटर आयोग १८८२, सार्जंट योजना १९४४, कोठारी आयोग १९६४-६६. साल आणि शिफारशी पाठ केल्या की गुण मिळतात. पण शासनाचे धोरण पोकळीत तयार होत नाही. ते कोणता प्रदेश, कोणते लोक आणि कोणती भीती समोर ठेवून आखले गेले, हा प्रश्न त्या यादीत नसतो. मुस्लिमांच्या शिक्षणाचा इतिहास समजून घ्यायचा तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

१८७१ मध्ये विल्यम हंटर यांचे ‘द इंडियन मुसलमान्स’ हे पुस्तक निघाले. १८५७च्या उठावाला चौदाच वर्षे झाली होती. वहाबींवरील खटले गाजत होते. राणीविरुद्ध बंड करणे मुसलमानांना धर्मानेच बंधनकारक आहे काय, हा प्रश्न राज्यकर्त्यांना छळत होता. हंटर यांनी त्याचे उत्तर बंगालात शोधले. १७९३ची कायमधारा पद्धत, १८३७ मध्ये कचेऱ्यांतून गेलेली फारसी आणि हातच्या गेलेल्या नोकऱ्या यांमुळे तिथला अभिजन मुसलमान खचला होता. आपले निष्कर्ष बंगालपुरते आहेत, असे हंटर यांनीच नोंदवले होते. सर सय्यद अहमद खान यांनीही या मुद्द्यावर टीका केली. तरीही ‘राज्य गमावलेला, इंग्रजी शिक्षणापासून फटकून राहिलेला मुसलमान’ ही प्रतिमा साऱ्या देशाला चिकटली.

अकरा वर्षांनी याच हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. आयोगाने मुस्लिमांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या. शिष्यवृत्त्या, मुस्लिम शिक्षकांचे प्रशिक्षण, मुस्लिम तपासनीस या त्यांतल्या काही. प्राथमिक शाळांत हिंदुस्तानी हे माध्यम असावे, मात्र जिथे समाजाला दुसरी भाषा हवी असेल तिथे ती द्यावी, अशीही शिफारस होती. त्यांतल्या बऱ्याच उपयोगी होत्या, हे मान्य केले पाहिजे. पण दख्खन आणि कोकणातल्या मुसलमानाचे काय? पेशवाईत कचेरीचा कारभार मोडी मराठीत चाले. इथला पिंजारी, आतार, बागवान, मोमीन, मुलाणी, तांबोळी यांनी कुठले राज्य गमावले होते? त्यांचे दारिद्र्य गावातल्या इतर कष्टकऱ्यांसारखेच होते.

याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी १८८२च्या ऑक्टोबरमध्ये निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. खेड्यातल्या मुस्लिम कारागिराचे दुखणे बंगालच्या चित्रापेक्षा या निवेदनात अधिक नेमके सापडते. पण आयोगाच्या कागदात ‘मुसलमान’ एका प्रकरणात आणि ‘रयत’ दुसरीकडे राहिली. समाज एकजिनसी मानल्याचा हा परिणाम होता.

कोल्हापुरात मात्र वेगळे घडले. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी त्यांची व्याख्या होती. मुसलमानही त्यात आले. पुढे १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. महाराजांना उत्तर दूरच्या प्रांतात शोधावे लागले नाही. माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

सच्चर समितीने २००६ मध्ये निष्ठेचा प्रश्न बाजूला ठेवून शाळा, बँक, नोकरी यांचा हिशेब मांडला. शाळेच्या वयाची फक्त सुमारे ३ टक्के मुस्लिम मुले मदरशांत शिकतात, हे तिने आकड्यांनी दाखवले. मोठा गैरसमज त्यामुळे दूर झाला. मात्र इथेही सावध राहिले पाहिजे. २००१च्या जनगणनेत देशातील मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, तर महाराष्ट्रातील मुस्लिमांची ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच. तेव्हा आपल्याकडचा प्रश्न अक्षरओळखीचा नाही, त्यापुढे टिकून शिकण्याचा आहे. त्यासाठी राज्याने २००८ मध्ये महमदुर रहमान अभ्यासगट नेमला आणि त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला.

उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला हा इतिहास रोज भेटतो. घरी दख्खनी किंवा कोकणी बोलणारे मूल शाळेत किताबी उर्दू शिकते आणि पुढे मराठीत अर्ज लिहिते. उर्दू टिकली पाहिजे, तिच्यात आपली सांस्कृतिक मिरास आहे. पण मराठी तितक्याच ताकदीने शिकवली नाही, तर मूल दहावीनंतर दारातच अडते. २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. सक्ती सोपी असते. उर्दू शाळेला चांगला मराठी शिक्षक मिळणे, तिथल्या मुलाच्या घरची बोली ओळखून पाठ्यपुस्तक लिहिले जाणे, हे कठीण असते. १८८२ मध्ये समाजाला हवी ती भाषा निवडण्याची मुभा कागदावर होती. ती निवड आपण केव्हा, कोणी आणि कशी केली, याची चर्चा फारशी झालीच नाही. पुढच्या अहवालाची वाट पाहण्याआधी ती चर्चा आपल्याच मोहल्ल्यांत, पालकसभांत आणि साहित्य संमेलनांत व्हायला हवी.