शिंदे, विठ्ठल रामजी

(२३ एप्रिल १८७३ – २ जानेवारी १९४४). एकेश्वरी धर्माचे प्रचारक, अस्पृश्यतानिवारण कार्याचे आद्य संघटक आणि संशोधक लेखक. ‘महर्षी’ या उपाधीने प्रसिद्ध. निकटच्या मंडळींत ‘अण्णासाहेब’. जन्म जमखंडी (कर्नाटक) येथे, मराठा कुटुंबात. आई यमुनाबाई. वडील रामजीबुवा पंढरीचे वारकरी. घरात भजन-कीर्तन असे आणि येणाऱ्याची जात पाहिली जात नसे. शिंद्यांच्या पुढच्या आयुष्याचे बीज या घरात आहे. पुढे ऑक्सफर्डमधील अभ्यासाने त्याला खतपाणी घातले एवढेच.

डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने ते फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ मध्ये बी. ए. झाले. कायद्याचा अभ्यास चालू असतानाच ते पुण्यातील प्रार्थना समाज या एकेश्वरी धर्मसुधारक पंथाकडे ओढले गेले आणि वकिलीचा विचार मागे पडला.

ज्या समाजाचे ते प्रचारक झाले, त्याची मुळे शोधत गेले तर वाट सुरतेला जाते. दादोबा पांडुरंग तर्खडकर तेथे अध्यापनाला असताना त्यांनी व दुर्गाराम मेहता यांनी काही सहकाऱ्यांसह १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. मुंबईला परतल्यावर दादोबांनी १८४९ मध्ये परमहंस सभा काढली. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा ती सभा घेई, पण बंद दाराआड. सभासदांची नावे फुटताच, १८६० च्या सुमारास, ती विस्कटली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला, त्याचे पहिले अध्यक्ष आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे बंधू. परमहंस मंडळींनी जे चोरून केले ते शिंद्यांनी दिवसाढवळ्या, सहकुटुंब केले.

ब्रिटिश अँड फॉरेन युनिटेरियन असोसिएशनच्या शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्म, पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचा अभ्यास केला. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे पगारी धर्मप्रचारक झाले. उपासना चालवणे, व्याख्याने देणे, गावोगावच्या समाजांना भेटी देणे हे त्यांचे काम. सयाजीरावांच्या सूचनेवरून त्यांनी बडोदे संस्थानातील अंत्यजांच्या शाळाही पाहिल्या.

१९०५ मध्ये ते अहमदनगरला गेले असता जवळच्या भिंगार गावी महार मंडळींनी रात्री सभा भरवली होती. त्या सभेत शिंद्यांनी आपले आयुष्य अस्पृश्यतानिवारणाच्या कामाला वाहण्याचा निश्चय केला. उपासनामंदिरात बसून साऱ्या माणसांचा पिता एक म्हणायचे आणि बाहेर त्यातल्याच काहींना शिवायचे नाही, ही विसंगती त्यांना सोसवेना. त्यांची समाजसेवा धर्माला जोडलेले शेपूट नव्हती. ती त्यांची उपासनाच होती, आणि हे ध्यानात न घेतल्यास त्यांचे सारे चरित्र चुकीचे वाचले जाते.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला, गिरण्यांच्या वस्तीत, एका बंगल्यात पहिली शाळा उघडून डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी सुरू झाली. मराठीत तिला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणत. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, सरचिटणीस शिंदे. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभी हजार रुपये दिले. शाळेपाठोपाठ दवाखाना, वसतिगृह, शिवण आणि पुस्तकबांधणीचे वर्ग, भजनसमाज अशी कामे वाढत गेली. शिंदे आपले कुटुंब घेऊन त्या वस्तीतच राहायला गेले. आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई आणि बहीण जनाबाई या सर्वांवर त्या निर्णयाचा भार पडला. जनाबाईंनी तर मिशनच्या कामाला वाहून घेतले. सुधारणेच्या इतिहासात अशा बहिणींची नोंद एका ओळीत उरकली जाते. पण वसतिगृहातल्या मुलांचे रोजचे खाणेपिणे आणि दुखणीखुपणी व्याख्यानांनी सांभाळली जात नाहीत.

पुणे, हुबळी, मंगळूर इत्यादी ठिकाणी शाखा झाल्या. पुणे शाखेची धुरा कृषितज्ज्ञ डॉ. हॅरल्ड मान यांनी वाहिली. इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून तेथे नाना पेठेत अहल्याश्रम उभा राहिला. मुंबई नगरपालिकेतील अभियंता अमृतलाल ठक्कर शिंद्यांच्या सहवासात या कामाकडे वळले. पुढे पंचमहालातील भिल्लांमध्ये काम करणारे ठक्करबाप्पा ते हेच. या कामाच्या गडबडीत प्रार्थना समाजातील काहींशी शिंद्यांचे खटके उडाले आणि १९१० मध्ये त्यांनी तेथील प्रचारकपद सोडले. मिशन मात्र सोडले नाही.

ऑक्टोबर १९१२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारक परिषद भरली, तीत सहभोजनही झाले. मार्च १९१८ च्या मुंबईतील परिषदेचे अध्यक्ष सयाजीराव होते. तेथे लोकमान्य टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले, पण स्वतः अस्पृश्यता न पाळण्याच्या वैयक्तिक जाहीरनाम्यावर सही केली नाही. शिंद्यांचे टिळकांशी स्नेहाचे संबंध होते, तरी ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही.

ज्यांच्यासाठी मिशन काढले त्यांच्यातूनच नवे, स्वाभिमानी नेतृत्व उभे राहत होते. स्पृश्यांच्या हातातील मिशनवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप होता, आणि तो रास्त होता: कोणाचाही उद्धार दुसऱ्याच्या कारभाराखाली पुरा होत नाही. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाहेर पडले. सनातन्यांनी त्यांना बाटगा ठरवले होते, मराठा समाजातील अनेकांना ते परके वाटत आणि आता अस्पृश्य तरुणही दुरावले. मिळालेल्या प्रत्येक आसऱ्यातून असे बाहेर पडावे लागूनही त्यांची श्रद्धा कडवट झाली नाही, हे त्यांचे खरे मोठेपण.

त्यानंतर ते मंगळूरच्या ब्राह्मसमाजाचे आचार्य झाले व अस्पृश्यांना मंदिराजवळचे रस्ते खुले व्हावेत म्हणून केरळात चाललेल्या वायकोमच्या सत्याग्रहाच्या ठिकाणी जाऊन आले. १९३० च्या कायदेभंगात त्यांना येरवड्याचा तुरुंगवास घडला. शेतकरी परिषदा, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची चळवळ, पुण्याच्या पर्वती मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठीची चळवळ हेही त्यांच्या कार्याचे भाग आहेत.

भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न (१९३३) हा त्यांचा मुख्य ग्रंथ. अस्पृश्यतेचा उगम इतिहास, भाषा आणि समाजशास्त्र यांच्या आधारे शोधण्याचा मराठीतील तो पहिला मोठा प्रयत्न. त्यातील काही व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, मांडणीचे धैर्य टिकते. माझ्या आठवणी व अनुभव हे त्यांचे आत्मचरित्र. त्यात जमखंडीचे बालपण, इंग्लंडमधील दिवस आणि मिशनची धावपळ साध्या, आर्जवी भाषेत उतरली आहे. पुण्यात त्यांचे निधन झाले.