इंदूरच्या मैदानावर शेवटचा शब्द कोणाचा?

क्रिकेटच्या मैदानावर शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा बदलले. आधी तो कर्णधाराचा होता, मग पंचाचा झाला, पुढे सामनाधिकाऱ्याचा. आज तो चित्रफीत पाहणाऱ्या समितीचाही असू शकतो. या स्थित्यंतराचे बरेचसे टप्पे इंदुरात पाहायला मिळतात. या शहराने भारताला आंतरराष्ट्रीय पंच दिले आणि खेळपट्टीमुळे सामनाधिकाऱ्यांची दोन गाजलेली मते ओढवूनही घेतली. प्रेक्षकांच्या वादाला त्यामुळे येथे कधी खाद्य कमी पडले नाही.

या कथेची सुरुवात होळकर संघापासून होते. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या आश्रयाने उभा राहिलेला हा संघ 1941-42च्या मोसमापासून रणजी करंडकात खेळू लागला आणि 1945-46, 1947-48, 1950-51 व 1952-53 असा चार वेळा विजेता ठरला. कर्नल सी. के. नायडू हे त्याचे कर्णधार. होळकरांच्या फौजेतला हुद्दा त्यांच्या नावामागे कायमचा चिकटला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड अशी नावे या संघात होती. इंदूरच्या मराठी घरांत ती घरच्या माणसांसारखी घेतली जात. 1945-46च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावांवर डाव घोषित करताना होळकरांच्या सहा फलंदाजांनी शतके काढली. सरवटे व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. पुराव्यावर निकाल लावणारा हा माणूस पुढे 1983चा विश्वविजेता संघ निवडणाऱ्या समितीतही बसला.

त्या काळी रणजीत सामनाधिकारी नावाचे पद नव्हते. पंच बाद-नाबाद ठरवत, पण सामना चालू ठेवायचा की सोडून द्यायचा हे शेवटी कर्णधारांच्या मर्जीवर असे. याचे सर्वांत बोलके उदाहरण इंदुरातले नाही, पण त्यातला फलंदाज होळकरांकडूनही खेळलेला. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनचा 452 धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर आला होता. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झालेल्या. तेवढ्यात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी विश्रांतीच्या वेळी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेले. त्यांना थांबवणारा कोणी नव्हता. निंबाळकरांवर अन्याय झाला असे मराठी क्रिकेटरसिक अजूनही म्हणतात. मात्र या हळहळीत पंचांचा दोष कोणी काढत नाही, कारण अधिकारच त्यांच्या हाती नव्हता.

संस्थाने गेली, 1955च्या सुमारास होळकर संघही मध्य भारताच्या संघात विरला. कर्णधाराची ही मुखत्यारी मात्र एका दिवसात संपली नाही. ती हळूहळू पंचांकडे गेली. कसोटी सामन्यांत यजमान देशाचेच पंच उभे राहत, त्यामुळे वाद कर्णधाराभोवती न फिरता पंचाच्या हेतूभोवती फिरू लागला. पाहुण्या संघाला दिलेला प्रत्येक पायचीत संशयास्पद ठरे. रेडिओमुळे हे वाद मैदानाबाहेर, चौकात आणि ओट्यावर पोहोचले. हिंदी समालोचनाचा एक ठसठशीत आवाज, सुशील दोशी, इंदूरचेच. होळकर स्टेडियममधील समालोचन कक्षाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. चेंडू यष्टींना लागणार होता की नव्हता हे श्रोत्याला दिसत नसे, समालोचकाच्या स्वरावरून ओळखावे लागे. म्हणूनच त्या वादांत तपशील कमी आणि आवेश जास्त असे.

तटस्थ पंच हा त्यावरचा तोडगा. 1986च्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच उभे राहिले. 1912 नंतर कसोटीत तटस्थ पंच उभे राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यामागचा आग्रह होता इम्रान खानचा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सामनाधिकारी आले. 1994 पासून कसोटीत एक आणि 2002 पासून दोन्ही पंच तटस्थ असावेत असे ठरले. डर्बनला नोव्हेंबर 1992 मध्ये सचिन तेंडुलकर दूरचित्रवाणीच्या चित्रफितीवरून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज झाला. तिसऱ्या पंचाचा काळ तिथून सुरू होतो.

इंदुरात सामनाधिकाऱ्याच्या अधिकाराची खरी ओळख झाली ती 25 डिसेंबर 1997 रोजी. नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका मालिकेतला दुसरा एकदिवसीय सामना होता. भारताचा कर्णधार तेंडुलकर, श्रीलंकेचा अर्जुना रणतुंगा. श्रीलंकेची फलंदाजी सुरू झाली आणि पहिल्या षटकांतच चेंडू मनाला येईल तसा वागू लागला. एक सरपटत जाई, तर त्याच टप्प्यावरचा दुसरा फलंदाजाच्या अंगावर उसळे. तीन षटकांत 1 बाद 17 धावा झाल्यावर खेळ थांबला. सामनाधिकारी होते झिम्बाब्वेचे अहमद इब्राहिम. पंच व दोन्ही कर्णधारांशी बोलून त्यांनी सामना रद्द केला. धोकादायक खेळपट्टीमुळे सोडून दिलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना.

भरलेले मैदान रिकाम्या हाती घरी पाठवणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून बाजूच्या खेळपट्टीवर 25 षटकांचा प्रदर्शनीय सामना खेळवला गेला. तिकिटाचे पैसे वसूल झाले असे म्हणणाऱ्यांना तेवढे पुरले असेल. निर्णय योग्य होता का, याबद्दल मात्र वाद राहिला. तीन षटकांत खेळपट्टीची परीक्षा होते का, असा एक प्रश्न. नाणेफेक हरलेल्या भारताने आधी फलंदाजी केली असती आणि तक्रार यजमानांनीच केली असती तर काय झाले असते, असा दुसरा. या दोन्ही प्रश्नांना जमैकातून काहीसे उत्तर मिळाले. 29 जानेवारी 1998 रोजी किंग्स्टनच्या सबिना पार्कवर इंग्लंडविरुद्धची कसोटी 10.1 षटकांत सोडून द्यावी लागली. तिथेही धावा 17च होत्या, बळी तीन. महिन्याभरापूर्वी इंदुरात पायंडा पडला नसता तर किंग्स्टनमध्ये एखाद्याचे डोके फुटेपर्यंत खेळ चालला असता, असे मानायला जागा आहे. डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर पुन्हा भारत-श्रीलंका एकदिवसीय सामनाच थांबवावा लागला. तिथे 23.3 षटके झाली होती आणि त्या मैदानावर बारा महिन्यांची बंदी आली.

नेहरू स्टेडियमला आपल्या नावावरचा डाग धुऊन काढायला मार्च 2001 पर्यंत थांबावे लागले. त्या महिन्याच्या 31 तारखेला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 139 धावा करताना तेंडुलकरने याच मैदानावर एकदिवसीय क्रिकेटमधील दहा हजार धावांचा टप्पा ओलांडला. 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट महाराणी उषाराजे ट्रस्टच्या मैदानावर गेले आणि 2010 मध्ये त्या मैदानाला होळकरांचे नाव मिळाले.

या काळात इंदूरमध्ये पंचगिरी ही जवळजवळ घराण्याची विद्या झाली. मध्य प्रदेशकडून खेळलेले नरेंद्र मेनन 1993 ते 1998 या काळात चार आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत पंच होते. सुधीर असनानी हेही इंदूरचेच. नरेंद्र यांचे पुत्र नितीन मेनन राज्याकडून थोडेसेच खेळले, विशीतच पंचपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि जून 2020 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या एलिट पॅनेलवर गेले. वेंकटराघवन आणि सुंदरम रवी यांच्यानंतर तिथे पोहोचलेले ते तिसरे भारतीय. त्याच वेळी कोविडमुळे प्रवास बंद झाला आणि तटस्थ पंचांचा नियम बाजूला ठेवून यजमान देशाचेच पंच उभे करावे लागले. त्याची भरपाई म्हणून कसोटीच्या प्रत्येक डावात संघाला निर्णय चित्रफितीवर तपासून घेण्याचे दोनऐवजी तीन रिव्ह्यू मिळाले. चुका होतील असे गृहीत धरून त्या सुधारण्याची सोय आधीच करून ठेवणारा हा बदल, पंचाला निर्दोष मानणाऱ्या जुन्या समजुतीपेक्षा पुष्कळ प्रामाणिक होता.

त्याची कसोटी मार्च 2023 मध्ये इंदुरातच लागली. धर्मशाळेचे मैदान तयार नसल्याने भारत-ऑस्ट्रेलिया बॉर्डर-गावसकर मालिकेतला तिसरा कसोटी सामना होळकर स्टेडियमवर आला आणि नितीन मेनन आपल्या गावात पंच म्हणून उभे राहिले. जोडीला वेस्ट इंडीजचे जोएल विल्सन. मिचेल स्टार्कच्या पहिल्याच षटकात रोहित शर्मा दोनदा बचावला. एकदा चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला होता, एकदा पायचीतचे अपील होते. दोन्ही वेळा मैदानावरचा निर्णय नाबाद आणि दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाने रिव्ह्यू घेतला नाही. नंतरच्या चित्रफितीत तो दोन्ही वेळा बाद दिसला. पन्नास वर्षांपूर्वी अशा प्रसंगी घरच्या पंचावर बोट उठले असते. या वेळी चर्चा रिव्ह्यू न घेणाऱ्या कर्णधार स्टीव्ह स्मिथची झाली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या डावात मार्नस लाबुशेन शून्यावर रवींद्र जडेजाच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला, पण तो नोबॉल निघाला. एकदिवसीय सामन्यांत गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडून झालेल्या नोबॉलनंतर 2007 पासून फ्री हिट मिळतो, कसोटीत मिळत नाही. लाबुशेनला मिळाले ते फक्त जीवदान, आणि त्याने 31 धावा केल्या.

इथे फुटबॉलशी तुलना उपयोगी पडते. रेफ्रीने दिलेली वा नाकारलेली साधी फ्री किक व्हिडिओ सहायक रेफ्रीला बदलता येत नाही. त्याचा हस्तक्षेप मुख्यतः गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा एवढ्यापुरता मर्यादित आहे. शिवाय तपासणी मागण्याचा अधिकार खेळाडूंना नाही. फुटबॉलरसिकांचा राग त्यामुळे अजूनही रेफ्रीवर निघतो. क्रिकेटमध्ये रिव्ह्यूचा हक्क कर्णधाराकडे आल्यापासून दोषाची वाटणी झाली. एका अर्थाने ठाकोरसाहेबांच्या हातून निसटलेल्या अधिकाराचा छोटा तुकडा कर्णधारांना परत मिळाला.

इंदूरचा खरा वाद मात्र सामना संपल्यावर पेटला. पहिल्या दिवशी 14 बळी गेले. भारत 109 आणि 163, ऑस्ट्रेलिया 197 आणि 1 बाद 78. दुसऱ्या डावात नॅथन लायनने 64 धावांत 8 बळी घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळीच ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून सामना जिंकला. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ ठरवून तीन डिमेरिट गुण दिले. खेळपट्टी फार कोरडी होती, पहिल्यापासून फिरकीला झुकती होती आणि सामन्यातला पाचवाच चेंडू पृष्ठभाग फोडून गेला, असे त्यांचे म्हणणे. हेच ब्रॉड खेळाडू असताना 1987 मध्ये लाहोरला बाद दिल्यावर खेळपट्टी सोडायला तयार नव्हते. साथीदार ग्रॅहम गूचला त्यांची समजूत काढावी लागली होती.

2018 पासून लागू असलेल्या नियमानुसार पाच वर्षांत पाच डिमेरिट गुण झाले की मैदानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा बारा महिने स्थगित होत असे. इंदूर एका फटक्यात तीनवर पोहोचले होते. भारतीय मंडळाने परिषदेकडे दाद मागितली. वसीम खान आणि रॉजर हार्पर यांच्या समितीने चित्रफीत पाहून 27 मार्च 2023 रोजी निकाल दिला. सामनाधिकाऱ्याने मार्गदर्शक तत्त्वे पाळली, परंतु ‘निकृष्ट’ म्हणण्याइतकी चेंडूची उसळी अनियमित नव्हती. शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ झाला आणि गुण तीनवरून एकावर आले.

यावर दोन तट पडले आणि दोघांकडेही मुद्दे होते. सामना सव्वादोन दिवसांत संपला म्हणजे खेळपट्टी वाईट, हे एका बाजूचे म्हणणे. भारतच हरला, मग यजमानांनी स्वतःच्या सोयीसाठी खेळपट्टी बिघडवली असे कसे म्हणता, हा दुसऱ्यांचा प्रतिप्रश्न. दुसरा युक्तिवाद चटकदार असला तरी कच्चा आहे, कारण हरणाऱ्याचा हेतू आणि खेळपट्टीचा दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत. 1997शी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. तेव्हा प्रश्न फलंदाजांच्या अंगाला इजा होण्याचा होता, 2023 मध्ये बॅट आणि चेंडूच्या समतोलाचा. समितीचा निकालही नेमका चेंडूच्या उसळीच्या निकषावर बेतलेला होता. चेंडू वळला किती, याला त्यात फारसे स्थान नव्हते.

नोव्हेंबर 2023 मध्ये परिषदेने खेळपट्टीच्या मूल्यांकनाचे निकष सोपे केले आणि मैदानाचा दर्जा काढून घेण्याची मर्यादा पाचवरून सहा गुणांवर नेली. 14 जानेवारी 2024 रोजी होळकर स्टेडियमवर भारत-अफगाणिस्तान टी-20 सामना झाला आणि भारताने तो सहा गडी राखून जिंकला.