लिनक्सच्या कोठाराला कुलूप लागले तेव्हा : २०११

🧵

१/ ऑगस्ट २०११. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात लिनक्सची विशी साजरी होत होती. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले होते. सोहळा चालू होता, त्याच वेळी लिनक्सच्या मुख्य कोठारात चोर शिरलेला होता.

२/ हे कोठार म्हणजे कर्नेल डॉट ऑर्ग. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, १९९७ पासून तेथून वितरित होत असे. जगभरातील विकसक आपापले काम तेथेच आणून ठेवत. सर्व्हरवर थेट प्रवेशाची मुभा असलेली तब्बल ४४८ खाती होती. तो मोकळेपणा परस्परविश्वासावर उभा होता, आणि नेमका तोच घातक ठरला.

३/ २८ ऑगस्टला घुसखोरी उघडकीस आली. ती १२ ऑगस्टपूर्वीच झाली असावी, असा अंदाज निघाला. 'हेरा' नावाच्या सर्व्हरवर कोणीतरी सर्वाधिकार मिळवले होते. दूरवरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच प्रणालीच्या फाइली बदलल्या होत्या आणि वापरकर्ते काय टंकित करतात याची नोंद होत होती. एखाद्या वापरकर्त्याच्याच चोरलेल्या ओळखपत्रांवरून हा प्रवेश झाला असावा, असा व्यवस्थापकांचा कयास होता.

४/ व्यवस्थापकांनी सर्व्हर बंद केले आणि साऱ्या यंत्रणेची नव्याने उभारणी आरंभली. कर्नेल डॉट ऑर्ग पुन्हा उघडले ते थेट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पण कोठार बंद असण्यापेक्षा एक प्रश्न अधिक भयंकर होता : चोराने कर्नेलच्या मजकुरातच एखादी ओळ घुसडली असेल तर? बँका, दूरध्वनी केंद्रे, अँड्रॉइड फोन यांच्या तळाशी हाच मजकूर होता.

५/ ही भीती पोकळ नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये कर्नेलच्या एका दुय्यम प्रतीत कोणीतरी दोन ओळी गुपचूप घातल्या होत्या. वरवर पाहता ती एक तपासणी होती. पण तुलनेच्या दुहेरी बरोबर-चिन्हाऐवजी तेथे एकच चिन्ह होते. त्यामुळे 'हा वापरकर्ता सर्वाधिकारी आहे का?' या प्रश्नाचे 'याला सर्वाधिकारी करा' या आज्ञेत रूपांतर होत होते. ती प्रत मूळ नोंदींशी जुळेना, म्हणून डाव फसला.

६/ २०११ मध्ये मात्र विकसकांच्या हाती गिट होते. एप्रिल २००५ मध्ये बिटकीपर या खाजगी प्रणालीचा मोफत परवाना काढून घेतला गेला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिटचा आरंभीचा सांगाडा उभा केला होता. त्यातील दोन गुण आता कामी आले.

७/ पहिला गुण साखळीचा. गिट प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून ४० अक्षरी ठसा काढते. फाइलींच्या ठशांवरून त्या वेळच्या संपूर्ण संचाचा ठसा निघतो, आणि प्रत्येक नव्या नोंदीत मागील नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीतील एक स्वल्पविराम बदलला, तरी पुढचे सगळे ठसे बदलतात.

८/ दुसरा गुण विखुरलेपणाचा. गिट वापरणाऱ्या विकसकाकडे साधारणतः केवळ आजची फाइल नसते, सगळा इतिहास असतो. कर्नेलच्या जवळजवळ ४०,००० फाइलींचा हा इतिहास हजारो संगणकांवर होता. कोठारातील प्रत कोणी बिघडवली असती, तर पुढच्याच देवाणघेवाणीत ती इतरांच्या प्रतींशी जुळली नसती. म्हणूनच व्यवस्थापकांना जुन्या मजकुराची फारशी चिंता नव्हती.

९/ काम थांबले नाही, पण अडखळले. सप्टेंबरच्या आरंभी टोरवाल्ड्स यांनी कर्नेल ३.१ ची पाचवी चाचणी आवृत्ती गिटहब या त्रयस्थ संकेतस्थळावर ठेवली. वितरित पद्धतीत कोणतीच एक जागा खास नसते, असे त्यांनी सांगितले. अनोळखी जागी ठेवलेला मजकूर पडताळून घ्या, असेही बजावले.

१०/ खरी अडचण येथेच होती. मजकूर अस्सल आहे हे ठसा सांगतो. पण 'माझे नवे काम अमुक ठिकाणाहून घ्या' असा ईमेल पाठवणारा माणूस खरा कोण, हे ठसा सांगत नाही. आजवर 'काम कर्नेल डॉट ऑर्गवर आहे, म्हणजे माणूस ओळखीचा' असा संकेत होता. कोठार बंद होताच ती ओळखही नाहीशी झाली. जुन्या नोंदी गिटने सांभाळल्या होत्या. नवे काम आणणाऱ्या माणसांची शहानिशा तिने कधी केलीच नव्हती.

११/ उपाय जुनाच निघाला : प्रत्यक्ष भेट. ऑक्टोबरच्या अखेरीस प्राग येथे कर्नेल विकसकांची परिषद भरली. तेथे विकसकांनी समोरासमोर ओळख पटवून एकमेकांच्या पीजीपी किल्ल्यांवर आपल्या स्वाक्षऱ्या केल्या. ज्याची किल्ली विश्वासातील सहकाऱ्यांनी प्रमाणित केली, त्यालाच नव्या सर्व्हरवर प्रवेश मिळू लागला. त्याच सुमारास, २४ ऑक्टोबरला, कर्नेल ३.१ प्रकाशित झाले; आधीच्या आवृत्तीनंतर तब्बल तीन महिन्यांनी.

१२/ जानेवारी २०१२ मध्ये गिटची १.७.९ ही आवृत्ती आली. विकसकाने स्वाक्षरी केलेला टॅग विलीनीकरणाच्या वेळी पडताळण्याची आणि ती स्वाक्षरी इतिहासात कायम नोंदवण्याची सोय तिच्यात होती. मजकुराच्या साखळीला आता माणसांच्या ओळखीची जोड मिळाली.

१३/ या कथेला दोन उणिवा आहेत. व्यवस्थापकांनी घुसखोरीचा सविस्तर अहवाल देण्याचे आश्वासन दिले होते. तो पुढे वर्षानुवर्षे प्रसिद्ध झाला नाही. आणि २०१७ मध्ये संशोधकांनी दोन वेगळ्या फाइलींचा एकच एसएचए-१ ठसा तयार करून दाखवला. गिटचे ठसे याच पद्धतीचे. त्यामुळे असा हल्ला ओळखणारी तपासणी गिटला जोडून घ्यावी लागली.

१४/ कोठार पुन्हा उघडले ते बदललेल्या नियमांनी. सर्व्हरवर मोकळेपणाने वावरण्याची जुनी मुभा बहुतेक विकसकांसाठी संपली. गिटोलाइट या प्रणालीमार्फत ते केवळ आपल्या नोंदी पाठवू शकत. ४४८ खात्यांच्या त्या जुन्या, मोकळ्या वाड्याचे दार पुन्हा तसे उघडले नाही.