कृत्रिम भाषा आणि पदक्रम : नंदभाषेच्या निमित्ताने

कृत्रिम भाषांचा इतिहास सांगताना आपण बहुधा युरोपपासून आरंभ करतो. मराठीतील सांकेतिक भाषाव्यवहार मात्र कोशातील नोंदींपुरता किंवा कुतूहलाचा विषय म्हणून उरतो. या व्यवहाराकडे वाक्यरचनेच्या अंगाने पाहिल्यास एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : भाषा घडवणारा नेमके काय घडवतो आणि काय न घडवता तसेच ठेवतो?

व्यापारी व दलाल यांची नंदभाषा हे याचे ठळक उदाहरण. गिऱ्हाइकाला न कळता भाव ठरवणे हा तिचा हेतू. त्यामुळे तिचा गाभा संख्यावाचक शब्दांचा आहे : केवली म्हणजे १, उधानू ३, पोकू ४, मुळू ५, अंगुळू १०. परंतु ‘या लुगड्याचे पोकू रुपये सांग’ असे वाक्य कल्पून पाहिले, तर त्यात परका शब्द एकच आढळतो. विशेषण नामाच्या आधी, विभक्तिप्रत्यय सामान्यरूपाला जोडलेला आणि क्रियापद अखेरीस, ही सारी घडण मराठीचीच आहे. विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या नंदभाषेतील अभंगातही हेच दिसते. शिवाची पाच मुखे, तीन नेत्र व दहा हात यांचे वर्णन तेथे संकेतसंख्यांनी केले आहे. तथापि त्या संख्या मराठी संख्याविशेषणांच्याच जागी बसतात. बाजारातील संकेत भक्तिकाव्यात आला, तो वाक्याच्या चौकटीला धक्का न लावता.

मुलांची ‘च’ची भाषा याहून धीट वाटते. ती शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेते आणि आरंभी ‘च’ लावते. येथे उलथापालथ होते ती अक्षरांची. पदांचा क्रम अबाधित राहतो. महानुभावांची सकळ लिपी तर भाषा नव्हेच. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी सिद्ध केलेल्या या लिपीत एका अक्षरासाठी दुसरे योजलेले असते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांमुळे तिची उकल अभ्यासकांना उपलब्ध झाली, तेव्हा तिच्याआड सापडले ते मराठी गद्य व पद्यच. म्हणून शब्दसंकेत, ध्वनिसंकेत आणि लिपिसंकेत या तीन पातळ्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. तिन्हींना सरसकट ‘गुप्त भाषा’ म्हटल्याने त्यांतील समान सूत्र नजरेआड होते : लपवणाऱ्याचा हात वाक्यरचनेपर्यंत पोहोचत नाही.

ही केवळ गुप्ततेच्या सोयीची बाब आहे, असा आक्षेप घेता येईल. संकेत झटपट बोलता यावा, यासाठी ओळखीची चौकट राखली जाते, हे खरेच. परंतु जी भाषा लपवण्यासाठी नव्हे, तर सर्वांना कळावी म्हणून रचली गेली, तिचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे एस्पेरांतो प्रसिद्ध केली. तिच्या सोळा नियमांत वाक्यातील पदक्रमाचा स्वतंत्र नियम नाही. कर्माला ‘न्’ हा प्रत्यय लागत असल्याने कर्ता, कर्म व क्रियापद कोणत्याही क्रमाने आले तरी अर्थ सुटतो. असे असूनही व्यवहारात कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम सर्वसामान्य ठरला. निर्मात्याने मोकळी सोडलेली जागा वापरणाऱ्यांच्या सवयीने भरून काढली.

मराठीच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला मारले रामाने’ या दोन्ही वाक्यांत घटना एकच आहे. भर मात्र बदलतो. हा फरक कळतो, याचे कारण कर्ता-कर्म-क्रियापद हा रूढ क्रम श्रोत्याच्या मनात आधीच असतो. प्रत्यय क्रमाला स्वातंत्र्य देतात आणि रूढी त्या स्वातंत्र्याला अर्थ देते. कवितेतील क्रमविपर्यासाची शक्तीही यातूनच येते. ज्या भाषेत क्रम रूढच झाला नाही, तिच्यात विपर्यासही संभवत नाही.

तात्पर्य, शब्द एका व्यक्तीला अथवा एका पेठेला घडवता येतात. पदक्रम घडतो तो भाषिक समूहाच्या दीर्घ वापरातून. नंदभाषेने मराठीचे शब्द झाकले आणि तसे करताना मराठी वाक्य किती खोल रुजलेले आहे, हे उघड केले. आपल्या वाङ्मयेतिहासात शब्दसंपत्तीच्या देवघेवीची चर्चा पुष्कळ झाली आहे. वाक्याच्या इतिहासाकडे तितक्याच गांभीर्याने पाहायचे, तर या उपेक्षित सांकेतिक भाषांना त्या अभ्यासाची साधने मानावे लागेल.