होटगी 'जंक्शन' : पाटीवरच्या एका लॅटिन शब्दाचा प्रवास

१/ सोलापूरहून रायचूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात होटगीला येते. गावाच्या नावापुढे 'जंक्शन' हा शब्द. तो इंग्रजीतून आला हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्याचे मूळ लॅटिन आहे, आणि त्याचे एक भावंड इथल्या बैलगाडीवर शतकानुशतके नांदत आले आहे.

२/ लॅटिनमध्ये 'युंगेरे' म्हणजे जोडणे, जुंपणे. त्यावरून 'युंक्तिओ' म्हणजे जोड. हेच इंग्रजीत 'जंक्शन' झाले. याच कुळातला 'युगुम' म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू.

३/ संस्कृतात 'युज्' म्हणजे जोडणे आणि 'युग' म्हणजे जू. मराठी 'जू' त्यातूनच आले. ही उसनवारी नव्हे. दोन्ही भाषांचा पूर्वज एक. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या अशाच नात्याकडे लक्ष वेधले.

४/ रोमन लोकांनी हा शब्द जीवनभर पसरवला. बैलजोडी एका दिवसात नांगरील तेवढी जमीन म्हणजे 'युगेरुम'. पती किंवा पत्नी म्हणजे 'कोन्युन्क्स', एकत्र जोडलेला जोडीदार.

५/ पण जू मानही वाकवते. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत सॅमनाइटांनी रोमन सैन्याला कोंडले आणि भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावले. 'जुवाखाली' या लॅटिन शब्दप्रयोगातूनच इंग्रजीत 'अंकित करणे' या अर्थाचे क्रियापद आले.

६/ आता होटगी. मुंबईहून आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. रेल्वेपासून दूरच्या गावांत धान्य पोहोचवणे किती कठीण, हे तेव्हा कळले. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा होटगी-विजापूर-गदग मार्ग झाला आणि होटगी 'जंक्शन' बनले.

७/ तरी जोड अपुरीच होती. मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा, तर गदगचा मार्ग १००० मिलिमीटरचा. रूळ शेजारी आले, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चालेना. प्रवाशांना गाडी बदलावी लागे; मालाचे पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे.

८/ म्हणजे 'जंक्शन' पाटीवर होते, प्रत्यक्ष जोडण्याचे काम हमालांच्या खांद्यांवर होते. शब्दाचे दोन्ही जुने अर्थ, जोड आणि जू, एकाच फलाटावर नांदत होते.

९/ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गदगपर्यंतचा मार्ग रुंद झाला. आता विजापूरकडचा डबा न थांबता सोलापूरकडे जातो. पाटीवरचा शब्द तोच राहिला. त्याचा अर्थ पुरा व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.